सर्दीसाठी घरी केलेले शॉवर स्टीमर: वड्या फुगतात, लगेच विरघळतात, डोळे चुरचुरतात

प्रश्न असा आहे: सर्दीत नाक मोकळं वाटावं म्हणून घरी शॉवर स्टीमर, म्हणजे शॉवरच्या पाण्याने फसफसून वास सोडणाऱ्या वड्या, करून बघितले. पहिल्या खेपेला वड्या साच्यातच फुगून वर आल्या. दुसऱ्या खेपेला वड्या छान दिसत होत्या, पण शॉवरखाली दोन मिनिटांत विरघळल्या आणि वास आलाच नाही. म्हणून तिसऱ्यांदा मेंथॉल आणि निलगिरी तेल दुप्पट घातलं, तर डोळे इतके चुरचुरले की आंघोळ अर्धवट सोडून बाहेर यावं लागलं. नेमकं प्रमाण काय? सर्दीला याचा खरंच उपयोग होतो का? घरात १० महिन्यांचं बाळ आणि ५ वर्षांची मुलगी आहे, त्यांना चालेल का? आणि फुगलेल्या वड्या टाकून द्यायच्या का?

तीन खेपांत तीन वेगळ्या चुका झाल्या आहेत. पहिली ओलाव्याची, दुसरी सैल भरण्याची आणि जागेची. या दोन्ही हाताला सवय झाली की सुटतात. तिसरी चूक समजुतीची आहे, आणि साबण व सुगंधी तेलांच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. वास कमी आला की तेल वाढवायचं, हे शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण करतो. म्हणून कृतीच्या आधी नाकाबद्दल बोलते.

सर्दीत नाक चोंदतं त्याला शेंबडाइतकीच, किंबहुना जास्तच, आतली सूज कारणीभूत असते. नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतींवर वळलेल्या हाडांचे पडदे असतात आणि त्यांच्यावरच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. सर्दी झाली की या वाहिन्या रक्ताने फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. मेंथॉल ही सूज उतरवत नाही. ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं. या तंतूंवर टीआरपीएम८ नावाचं प्रथिन असतं. एरवी ते गार हवा लागली की उघडतं, आणि मेंथॉल लागलं तरीही उघडतं. २००२ साली हे प्रथिन ओळखलं गेलं. ते शोधणाऱ्यांपैकी एक डेव्हिड ज्युलियस. त्यांना पुढे २०२१ मध्ये आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. श्वास घेताना नाकात गारवा जाणवला की मेंदू धरून चालतो की हवा व्यवस्थित आत जाते आहे. यंत्र लावून हवेचा प्रवाह मोजला तर तो होता तेवढाच भरतो, पण माणूस मात्र सांगतो की मला मोकळं वाटतंय.

हा भास आहे म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेल्या माणसाला दहा मिनिटांचा मोकळेपणाही खूप असतो. पण यातून दोन गोष्टी निघतात. एक, मेंथॉल दुप्पट केल्याने नाक दुप्पट मोकळं होत नाही. एका मर्यादेच्या पुढे तोच गारवा चटका बनतो, डोळ्यांतून पाणी येतं, घसा खवखवतो. दोन, चोंदलेल्या नाकाने वासाचा अंदाज घेता येत नाही. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या पार वरच्या टोकाला असतात आणि सूज असताना हवा तिथवर पोचत नाही. तुमच्या नाकाला जे कमी वाटलं, ते डोळ्यांना पुरेपूर लागलं. वड्या करायच्या त्या सर्दी नसताना करा, किंवा घरात ज्याचं नाक शाबूत आहे त्याला वास घ्यायला सांगा. करणाऱ्याचं नाकही दहा-पंधरा मिनिटांत त्या वासाला सरावतं, त्यामुळे मध्येच बाहेर मोकळ्या हवेत फिरून आल्याशिवाय तेल वाढवण्याचा निर्णय घेऊ नका.

उपयोग होतो का, तर बरं वाटायला होतो, बरं व्हायला नाही. सर्दी आणणारे विषाणू २०० हून अधिक आहेत आणि बहुतेक सर्दी ७ ते १० दिवसांत आपली आपण जाते. गरम, दमट हवेने सर्दी लवकर बरी होते का, यावर झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या, तेव्हा ठाम फायदा दिसला नाही. मग मी वड्या करायला का सांगते? कारण घमेल्यात उकळतं पाणी घेऊन डोक्यावर टॉवेल ओढून वाफारा घेण्यापेक्षा ही पद्धत मला खूपच सुरक्षित वाटते. ते भांडं कलंडून भाजण्याचे प्रकार भरपूर होतात आणि त्यात मुलं जास्त असतात. शॉवरमध्ये उकळतं पाणी नसतंच. दहा दिवसांनंतरही सर्दी हटली नाही, उतरायला लागलेली सर्दी पुन्हा जोर करून आली, चेहऱ्याच्या एका बाजूला ठणका लागला, ताप चढत राहिला किंवा धाप लागली, छातीत सूं-सूं आवाज आला, तर वड्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

आता प्रमाण. चमच्याने मोजू नका, तराजूवर वजन करा. पूड सैल आहे की दाबलेली यावर एका चमच्यात केवढा तरी फरक पडतो. मी घेते ते असं: खायचा सोडा ३०० ग्रॅम, सायट्रिक अॅसिड म्हणजे लिंबूसत्त्व १०० ग्रॅम, कॉर्नफ्लॉर ५० ग्रॅम, मेंथॉलचे स्फटिक ५ ग्रॅम, निलगिरी तेल ५ मिलिलिटर आणि पेपरमिंट तेल २ मिलिलिटर. यात साधारण ५० ग्रॅमच्या ९ वड्या होतात. पेपरमिंट तेलातही मेंथॉल असतंच, म्हणून ते मोजकंच. रात्री झोपण्यापूर्वीच्या आंघोळीसाठी वड्या हव्या असतील तर पेपरमिंटऐवजी लॅव्हेंडर घ्या. तेवढाच बदल, बाकी तेलांची भेळ करू नका.

सोडा तिप्पट का? टबात टाकायच्या गोळ्यांना सहसा दोनास एक प्रमाण घेतात, कारण तिथे भरपूर आणि भराभर फसफस हवी असते. इथे उलट हवं. १०० ग्रॅम लिंबूसत्त्व पूर्ण विझवायला सुमारे १३० ग्रॅम सोडा पुरतो. उरलेला सोडा आणि कॉर्नफ्लॉर अॅसिडच्या कणांमध्ये येऊन बसतात, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि वडी हळूहळू झिजते. फसफस मात्र हवीच, तीच वडीचं इंजिन आहे. निलगिरी तेलातला मुख्य घटक सिनेओल १७६ अंश सेल्सिअसला उकळतो. शॉवरचं पाणी जेमतेम ४० अंश असतं. तरी वास येतो, कारण बुडबुडे वर येऊन फुटताना तेलाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडवतात आणि वडीचा नवा नवा पृष्ठभाग उघडा पडत राहतो. फसफस मंद आणि लांबलेली असली की वासही लांबतो. तीनास एकनेही वडी लवकर संपत असेल तर ३२० ग्रॅम सोड्याला ८० ग्रॅम लिंबूसत्त्व घ्या. तेल वाढवण्याआधी हे करून बघा.

बुडबुड्यांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची भीती काही जणांना वाटते. एका वडीतून तो सुमारे ४ लिटर निघतो. लहानशा न्हाणीघरातही काही हजार लिटर हवा असते, तेव्हा त्याची चिंता नको. खरी चिंता करायची ती गॅसच्या गिझरची. गिझर न्हाणीघराच्या आतच असेल आणि त्याचा धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर वास कोंडून राहावा म्हणून खिडकी बंद करणं जिवावर बेतू शकतं. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि मेंथॉलच्या वासात तर कशाचाच पत्ता लागत नाही. अशा न्हाणीघरात दार-खिडकी लावून ही वडी वापरूच नका.

मेंथॉलचे स्फटिक थेट पुडीत मिसळले तर एका वडीत जास्त आणि दुसरीत कमी जातात. ते आधी तेलात विरघळवायचे. दोन्ही तेलं आणि स्फटिक झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत घाला, झाकण घट्ट लावा आणि बाटली कोमट पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं उभी करा, अधूनमधून हलवा. मेंथॉल ४२ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे याहून जास्त उष्णता लागतच नाही. विस्तवावर तर ते कधीच ठेवू नका. सुरुवातीच्या काळात मी ५० ग्रॅम मेंथॉल पातेल्यात घालून थेट मंद आचेवर ठेवलं होतं. मिनिटभरात खोलीत उभं राहता येईना, डोळे उघडता येईनात आणि चाचपडतच मला गॅस बंद करावा लागला. ती वाफ ज्वालाग्राहीही असते, हे मला नंतर कळलं. बाटली काचेचीच घ्या, कारण ही तेलं काही प्रकारचं प्लास्टिक मऊ करून टाकतात.

कापूर घालू का, असं बरेच जण विचारतात. कापूर आणि मेंथॉल एकत्र घोटले तर दोन्ही घट्ट पदार्थांचं मिळून पातळ द्रव होतं, त्यामुळे काम सोपं होतं हे खरं. पण लहान मुलाच्या पोटात थोडा जरी कापूर गेला तरी झटके येऊ शकतात. तुमच्या घरात दोन मुलं आहेत. नको.

आता हाताचं काम. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, नाकातोंडावर मास्क लावा. लिंबूसत्त्वाची धूळ नाकात गेली की जोरदार ठसका लागतो. सोडा आणि कॉर्नफ्लॉर एकत्र चाळून घ्या. त्यावर तेलाचं मिश्रण थेंब थेंब सोडत बोटांनी चोळत जा, एकही गुठळी राहू देऊ नका. लिंबूसत्त्व सगळ्यात शेवटी, तेल पूर्ण मुरल्यावर. हा क्रम पाळला की अॅसिडच्या कणांभोवती आधीच तेलकट कोरडी पूड असते आणि ते सहजी भडकत नाहीत.

यानंतरची पायरी तुमच्या पहिल्या खेपेची आहे. पूड बांधण्यासाठी तुम्ही बहुधा पाणी शिंपडलं असेल. सोडा आणि अॅसिड यांच्या क्रियेत गॅसबरोबर पाणीही तयार होतं. म्हणजे एका थेंबाने सुरू झालेली क्रिया पुढच्या क्रियेसाठी स्वतःच पाणी पुरवत जाते. म्हणूनच भरताना ठीक वाटलेला साचा अर्ध्या तासाने वर आलेला दिसतो. सुगंधी पाणी वापरलं तरी तेच होणार, त्यातही बहुतांश पाणीच असतं. ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक फवाऱ्याच्या बाटलीत भरा. ते पूड ओलसर करतं आणि क्रिया न पेटवता उडून जातं. ते सहज पेट घेतं, म्हणून जवळपास शेगडी, मेणबत्ती, उदबत्ती काही नको.

दोन फवारे मारा, ढवळा, पुन्हा दोन फवारे. मुठीत घट्ट दाबल्यावर गोळा धरला आणि बोटाने टोचल्यावर दोन तुकड्यांत फुटला की झालं. भुरभुरला तर अजून एक फवारा. हाताला चिकटायला लागला तर जास्त झालं. एक खूण मात्र लक्षात ठेवा, ती हातांनी करून करूनच कळते: ढवळताना मिश्रण अचानक गार लागलं तर क्रिया सुरू झाली आहे. ही क्रिया उष्णता शोषून घेते. अशा वेळी आणखी काही शिंपडू नका, ताटात पसरा, पंखा लावा, सुकू द्या. हवा दमट असेल, पाऊस लागून राहिला असेल, तर त्या दिवशी हे काम काढूच नका. कितीही नीट केलं तरी वडीला भेगा पडतात.

साच्यात पूड थराथराने भरा आणि प्रत्येक थर अंगठ्याने जोर लावून दाबा. सिलिकॉनचे छोटे खोलगट साचे यासाठी चांगले. सैल भरलेल्या वडीत पाणी आतपर्यंत शिरतं आणि ती दोन मिनिटांत ढासळते. तुमच्या दुसऱ्या खेपेचं निम्मं कारण हे असणार. २४ तासांनी वड्या साच्यातून काढा आणि कोरड्या जागी आणखी एक दिवस राहू द्या. मग हवाबंद काचेच्या बरणीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. काही दिवसांनी वडीवर किंवा बरणीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या सुया दिसल्या तर बुरशी समजून फेकू नका. मेंथॉल उडून पुन्हा स्फटिक होऊन बसतं, त्या सुया त्याच असतात. दोन-तीन महिन्यांत वड्या संपवा, पुढे वास उतरत जातो. तेलं गडद रंगाच्या बाटलीतली आणि ताजी असावीत. हवा लागून जुनी झालेली काही तेलं त्वचेला जास्त त्रास देतात.

काय घालायचं नाही तेही सांगते, कारण सजावटीच्या नादात बऱ्याच वड्या बिघडतात. एप्सम सॉल्ट नको, त्याच्या स्फटिकातच पाणी असतं आणि वडी आतून मऊ पडते. खोबरेल, बदाम तेल किंवा कुठलंही लोणी नको. ते फरशीवर पसरतं, आणि सर्दीने आधीच अशक्त झालेला माणूस साबणाच्या पाण्यात घसरायला वेळ लागत नाही. सुक्या पाकळ्या मोरीत अडकतात. दालचिनी आणि लवंगेच्या तेलाचा उबदार वास छान वाटतो, पण ही तेलं कातडीला आणि नाकाच्या अस्तराला भाजल्यासारखी झोंबतात.

वापरताना वडी धारेखाली ठेवायची नाही. हेच तुमच्या दुसऱ्या खेपेचं उरलेलं निम्मं कारण. फरशीच्या कोपऱ्यात, फक्त शिंतोडे उडतील अशा जागी, भोकं असलेल्या साबणदाणीत ती ठेवा. तळाशी पाणी साचलं तर वडी खालून विरघळून जाते. फरशी संगमरवराची असेल तर साबणदाणी हवीच, लिंबूसत्त्वाने संगमरवराची चकाकी जाते. अशी ठेवलेली वडी माझ्याकडे १० ते १५ मिनिटं चालते. विझायला लागली की पायाने थोडं पाणी तिच्याकडे ढकला. शॉवर नसेल तर वडी पसरट वाडग्यात ठेवा, वाडगं हाताच्या अंतरापलीकडे जमिनीवर ठेवा आणि आंघोळ करता करता अधूनमधून थोडं गरम पाणी त्यावर सोडा. वाडग्यावर तोंड धरू नका. ही वडी टबात टाकून त्यात बसायचं तर अजिबात नाही. टबासाठीच्या गोळ्यांपेक्षा यात तेल खूप जास्त असतं आणि मेंथॉल नाजूक जागी लागलं तर तासभर आग होते. पहिल्यांदा अर्धीच वडी वापरा. डोळे चुरचुरले तर चोळू नका, वडी बाहेर ठेवा आणि डोळ्यांवर साधं पाणी मारत राहा.

मुलांचं उत्तर मी शेवटाकडे ठेवलं, पण त्यात पळवाट नाही. १० महिन्यांच्या बाळासाठी ही वडी नाही. अर्धी नाही, पाव नाही, दार उघडं ठेवूनही नाही. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये मेंथॉल आणि सिनेओलच्या तीव्र वाफेने स्वरयंत्र आकडून श्वास अडखळू शकतो. तुम्ही स्वतः वापरल्यावर खिडकी उघडा, फरशी धुऊन काढा आणि वास पूर्ण गेल्यावरच बाळाला आत न्या. ५ वर्षांच्या मुलीलाही मी देणार नाही; सहा वर्षांखाली मी मेंथॉल आणि निलगिरी वापरत नाही. तिला नुसतं कोमट पाण्याने, वाफाळलेल्या न्हाणीघरात थोडा वेळ खेळू द्या, तेवढं पुरे. बरणी मात्र कुलपात ठेवा. या वड्या मुलांना मिठाईसारख्या दिसतात, आणि निलगिरी तेल अगदी थोडं पोटात गेलं तरी मुलाला गुंगी किंवा झटके येऊ शकतात. असं काही झालं तर उलटी करवू नका, बरणी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

मोठ्यांमध्ये दम्याचा, फेफऱ्याचा त्रास असलेल्यांनी यात पडू नये. उग्र वासाने दमा उसळतो, आणि निलगिरी व कापराचा फेफऱ्याशी संबंध नोंदलेला आहे. गरोदर असाल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. घरात मांजर असेल तर तिला त्या खोलीत येऊ देऊ नका. मांजरीच्या यकृताला या तेलांमधले घटक नीट पचवता येत नाहीत.

फुगलेल्या वड्या फेकू नका. पहिल्या खेपेतल्या, म्हणजे तेल दुप्पट न केलेल्या. त्यांची फसफस बरीचशी संपलेली असली तरी तेल बऱ्यापैकी शिल्लक असतं. ताटात फोडून दोन दिवस पूर्ण सुकू द्या आणि चुरा बरणीत भरा. आंघोळीच्या वेळी दोन चमचे चुरा वाडग्यात घेऊन गरम पाणी सोडलं की काम होतं. तिसऱ्या खेपेतल्या वड्या मात्र तशाच वापरू नका. एक वडी कुटून बारीक करा आणि तेवढ्याच वजनाच्या, तेल न घातलेल्या पुडीत मिसळा. पूड वरच्याच प्रमाणाची: सोडा ३०, लिंबूसत्त्व १०, कॉर्नफ्लॉर ५. मग अल्कोहोल फवारून पुन्हा साच्यात दाबा. एकीच्या दोन वड्या होतील आणि तेलाचं प्रमाण जिथे असायला हवं तिथे येईल.